जुना होम थिएटर कमी पैशात सुधारायचाय? आधी काय, मग काय आणि पैसे कुठं घालायचे

नवा मोठा टीव्ही घरात आला की आठ-पंधरा दिवसात प्रश्न येतोच, जुना डीव्हीडीवाला होम थिएटर पडून आहे, तो जोडायचा का भंगारात घालायचा. आणि बऱ्याचदा प्रश्न येतो तेव्हा माणसानं काहीतरी घेऊनच टाकलेलं असतं. कुणी साउंडबार उचललाय, कुणी चार हजार वॅट लिहिलेला टॉवर आणलाय, कुणी ऑनलाइन डिकोडर (डिजिटल आवाज उलगडणारा डबा) मागवलाय, आणि आवाज जैसे थे. कारण काम उलटं सुरू झालंय. खरेदी हे शेवटून तिसरं-चौथं काम आहे, पहिलं नव्हे. खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका. अर्ध्या लोकांचं काम चौथ्या टप्प्यातच भागतं, पैसे न घालता.

टप्पा १: काय काय आहे ते लिहून काढा

कागद घ्या, मोबाईल घ्या. जुन्या सेटच्या मागच्या बाजूचा, टीव्हीच्या मागच्या बाजूचा आणि प्रत्येक स्पीकरच्या मागच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा. दुकानात गेल्यावर "ते गोल गोल पिनचं असतंय बघा" असं सांगून कोण काही देत नाही, दिलं तर चुकीचं देतं.

तुमचा सेट या तीनपैकी कुठला ते ठरवा, पुढचं सगळं त्यावर आहे:

१. डबा सेट. डीव्हीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प (आवाज मोठा करून स्पीकर चालवणारं मशीन) एकाच डब्यात, पाच छोटे स्पीकर, आणि सबवूफरला (बेसचा मोठा स्पीकर, पुढं त्याला सबच म्हणतो) नुसती वायर, त्याला स्वतःचा पॉवर प्लग नाही.

२. सबमध्येच अ‍ॅम्प असलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) सेट, कॉम्प्युटरला जोडायचो तसला. सगळे स्पीकर सबच्या पाठीत जातात.

३. खरा एव्ही रिसिव्हर (आवाज उलगडून स्पीकर चालवणारं वेगळं मशीन), स्पीकर वेगळे, सबला स्वतःचा प्लग.

स्पीकरच्या स्टिकरवर ओहम किती लिहिलंय ते टिपा. डबा सेटचे स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे निघतात, रिसिव्हरला जोडायचे साधारण ६ ते ८ चे. हा आकडा पुढं लागणार आहे. टीव्हीला मागं काय आहे ते पण लिहा, "आर्क" किंवा "ई-आर्क" लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट (टीव्हीचा आवाज त्याच केबलनं बाहेर सोडणारं), ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारं), हेडफोनचं भोक. आणि खोलीची लांबी-रुंदी-उंची फुटात.

टप्पा २: स्पीकर जिवंत आहेत का बघा

जाळी काढा. कोनच्या कडेची जी लवचिक रिंग असते ती रबराची असेल तर बहुतेक ठीक असते. फोमची असेल तर बोटानं अगदी हलकं टेकवून बघा, दहा-पंधरा वर्षांत फोम कुजतो आणि पिठासारखा हातात येतो. असा स्पीकर कमी आवाजात चालल्यासारखा वाटतो, थोडा वाढवला की फरफरतो. तो फेकू नका, फोम बदलून मिळतो. आपल्याकडं मिरवणुकीच्या साउंडमुळं स्पीकर रिपेर करणारे, कोन-फोम बदलणारे कारागीर आहेत, फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, त्या वेळी घरगुती कामाला हात लावायला त्यांना सवड नसते.

मग मल्टीमीटर ओहमवर लावून दोन्ही टोकांना टेकवा. ८ ओहमचा स्पीकर ६-७ दाखवतो, ४ ओहमचा ३ च्या वर थोडं. हे बरोबर आहे, लिहिलेल्यापेक्षा थोडं कमीच दिसतं. काहीच दाखवत नसेल तर कॉइल उडालेली असू शकते, पण काही छोट्या स्पीकरात आत कपॅसिटर असतो त्यामुळं पण असं होतं, म्हणून वाजवून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

मल्टीमीटर नसेल तर घड्याळाचा सेल घ्या, दीड व्होल्टचा. प्लसला प्लस, मायनसला मायनस, क्षणभर टेकवा आणि काढा. खट्ट आवाज येऊन कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर त्या स्पीकरवरच्या प्लस-मायनसच्या खुणा उलट्या आहेत, टेप लावून तिथंच लिहून ठेवा.

सावध: अ‍ॅम्प किंवा सबचा डबा उघडायचा मोह होईल. प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात, जोराचा झटका बसतो. कपॅसिटर फुगलेत का ते रिपेरवाल्याला बघू दे. चालू केल्यावर सतत घरघर येते, आवाज नसताना सुद्धा, आणि सगळ्या वायरी काढल्या तरी जात नाही, म्हणजे बहुतेक तेच दुखणं.

टप्पा ३: टीव्हीतून आवाज बाहेर काढा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली चूक, ब्लूटूथ. टीव्ही आणि होम थिएटर ब्लूटूथनं जोडलं की फक्त दोन चॅनेलचा (डावा-उजवा) आवाज जातो आणि तोही मागं पडतो, ओठ आधी हलतात. गाण्याला चालेल, पिक्चरला नाही. वायरच लावा.

दुसरी चूक, चुकीचं एचडीएमआय पोर्ट. टीव्हीला तीन-चार पोर्ट असतात, पण आवाज बाहेर सोडणारं एकच, ज्यावर आर्क लिहिलंय ते. तसंच जुन्या डबा सेटला जे "एचडीएमआय आउट" असतं ते डीव्हीडीचं चित्र टीव्हीला द्यायला आहे, त्यावर आर्क लिहिलेलं नसेल तर टीव्हीचा आवाज त्यातून परत येणार नाही, कितीही महाग केबल लावा. आर्क आलं एचडीएमआय १.४ बरोबर, २००९ मध्ये, त्यामुळं त्याआधीच्या सेटमध्ये ते शोधूच नका.

आता तुमच्या सेटला मागं काय आहे त्याप्रमाणं:

आर्क असेल तर एचडीएमआय लावा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या मशीननं एकमेकांना चालवायची सोय, चालू करा (प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय, सिम्पलिंक, अ‍ॅनीनेट, ब्राव्हिया सिंक वगैरे), जुन्या सेटमध्ये पण एचडीएमआय कंट्रोल चालू करा. दोन्हीकडं चालू नसेल तर आर्क बोलत नाही.

आर्क नाही पण ऑप्टिकल आहे, उत्तम. साधी ऑप्टिकल केबल लावा. केबलच्या दोन्ही टोकांना छोटी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते ती काढा. हसू नका, ती तशीच ठेवून घुसवणारे कमी नाहीत, मग पोर्ट तरी मोडतं नाहीतर आवाज तरी येत नाही.

दोन्ही नाही, फक्त लाल-पांढरं ऑक्स (आरसीए) आहे. मग ऑप्टिकल टू आरसीए कन्व्हर्टर घ्या, काही शे रुपयात मिळतो. यातून दोन चॅनेलच मिळणार हे लक्षात ठेवा. सेटवर प्रो लॉजिक (दोन चॅनेलचा आवाज पाच स्पीकरवर वाटणारं सेटिंग) असेल तर ते लावून पाचही स्पीकर वाजवता येतात, खरं ५.१ नव्हे पण बरं वाटतं.

सेटला मागं सहा आरसीएची रांग आहे (फ्रंट, सराउंड, सेंटर, सब), म्हणजे वर सांगितलेला दुसरा प्रकार. तर ५.१ डिकोडर बॉक्स घ्या. ऑप्टिकल आत, सहा आरसीए बाहेर. खऱ्या ५.१ ला सगळ्यात स्वस्त रस्ता हाच.

आता टीव्हीचं सेटिंग. साउंडमध्ये "डिजिटल ऑडिओ आउटपुट" नावाचं काहीतरी असतं, त्यात पीसीएम (न दाबलेला साधा आवाज), ऑटो, डॉल्बी डिजिटल (दाबून पाठवलेला ५.१ आवाज), पास-थ्रू (आला तसा पुढं) असे पर्याय. ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल, संपलं. ५.१ पाहिजे तर डॉल्बी डिजिटल निवडा. ऑटो किंवा पास-थ्रूवर टीव्ही कधीकधी नवीन डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतो, ते जुन्या सेटला उलगडत नाही आणि सगळं मुकं होतं. उलट दोन चॅनेलचा स्वस्त कन्व्हर्टर लावलाय त्याला फक्त पीसीएम कळतं, त्याला डॉल्बी दिलं तर एकतर शांतता नाहीतर खरखर. म्हणजे कन्व्हर्टर असेल तर पीसीएम, डिकोडर किंवा रिसिव्हर असेल तर डॉल्बी डिजिटल. हे उलटं करून "पीस खराब निघाला" म्हणून परत पाठवणारे लई आहेत.

पेनड्राइव्हवरचा पिक्चर मुका आणि बाकी सगळं वाजतंय असं असेल तर त्या फाइलचा आवाज बहुतेक डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) आहे, बऱ्याच नव्या टीव्हीला ते चालत नाही. तुमच्या होम थिएटरचा काही दोष नाही.

तपासा: ज्या पिक्चरच्या माहितीत ५.१ लिहिलंय असा लावा. जुन्या सेटच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल किंवा ५.१ उमटतंय का? उमटत नसेल तर पुढं जाऊ नका (दोन चॅनेलचा कन्व्हर्टर लावलाय त्यांना हे लागू नाही, त्यांच्याकडं ते उमटणारच नाही). केबल चॅनेल किंवा यूट्यूब लावून तपासू नका, तिथं बहुतेक दोनच चॅनेल असतात.

टप्पा ४: स्पीकर जागेवर ठेवा

याला एक रुपया लागत नाही आणि म्हणूनच कोण करत नाही. पाचही स्पीकर शोकेसमध्ये टीव्हीच्या आजूबाजूला, सब सोफ्याच्या मागं कोंबलेला, वर फुलदाणी. असं ठेवून नवीन सेट घेतला तरी तसाच वाजणार.

फ्रंटचे दोन: टीव्हीच्या दोन्ही बाजूला, बसायच्या जागेपासून मधल्या रेषेशी २२ ते ३० अंशात. सोप्पं करून सांगायचं तर सोफा टीव्हीपासून ८ फुटावर असेल तर दोन स्पीकरमध्ये साडेसहा ते नऊ फूट. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हे बसतं. ट्विटर (बारीक सूर वाजवणारा छोटा गोल भाग) कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फूट. शोकेसच्या कप्प्यात खोल ढकलू नका, स्पीकरचं तोंड कप्प्याच्या कडेला आलं पाहिजे.

सेंटर: टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर, तोंड तुमच्या चेहऱ्याकडं थोडं तिरकं. खालच्या कप्प्यात असेल तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा सरकवून तोंड वर करा. डायलॉग समजत नाहीत ही जी तक्रार असते तिचा अर्धा उपाय हा आहे.

सराउंड: मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नव्हे. बसायच्या जागेच्या बाजूला, किंचित मागं, कानापेक्षा एक-दोन फूट वर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आपल्याकडं असतोच, तर मग बाजूच्या भिंतींवर लावा.

सब: हा भाग मजेशीर आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस भरपूर असलेलं काहीतरी लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेनं गुडघ्यावर रांगत फिरा, कान जमिनीजवळ. घरचे बघून काय म्हणायचं ते म्हणतील. जिथं बेस सगळ्यात जास्त ती जागा घेऊ नका, जिथं प्रत्येक सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येतो ती घ्या, सब तिथं ठेवा. कोपऱ्यात बेस जास्त येतो खरा पण घुमतो.

स्टँड विकत घेऊ नका, महाग असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला सांगा, खाली जाड प्लेट, मध्ये तीन इंची चौकोनी पाइप, वर छोटी प्लेट, उंची २४ ते २८ इंच. पाइपमध्ये कोरडी वाळू भरून तोंड बंद करा, फाउंड्रीच्या गावात चांगली बारीक वाळू मिळायला काय अडचण नाही. वाळू पूर्ण कोरडी पाहिजे, ओली भरली तर आतून गंजतं.

खोलीबद्दल एक. पेठेतल्या जुन्या लाकडी माळ्याच्या घरात आवाज तसा बरा असतो. नवीन फ्लॅटात टाइल्स, काच आणि मोकळ्या भिंती, त्यामुळं टाळी वाजवली की झणझण परत येते. समोर जमिनीवर सतरंजी किंवा जाड गालिचा, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर झकास. हे करून परत टाळी वाजवा.

तपासा: आता दोन दिवस असंच ऐका. खरंच. भागलं असेल तर इथंच थांबा आणि पैसे वाचवा.

टप्पा ५: वायर

जुन्या सेटबरोबर आलेली वायर केसासारखी बारीक असते. ती बदला, पण हजारो रुपयांची "ऑडिओफाइल" वायर नको. ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत साधी दीड एमएमची तांब्याची जोडवायर पुरे. ४ ओहमचा असेल आणि लांब जायचं असेल तर अडीच एमएम. बस्स.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर खूप असते, दिसायला तांबं. ब्लेडनं एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर सोडून द्या. हातात घेतल्यावर पण हलकी लागते.

डबा सेटला कंपनीचे स्वतःचे रंगीत प्लग असतात. ते मुळापासून कापू नका. प्लगपासून सहा इंच वायर ठेवून कापा, नवीन वायर तिथं पिळून सोल्डर करा, वरून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) किंवा टेप. प्लग गेला तर नवीन मिळणं अवघड.

प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून नाव लिहा, फ्रंट डावा, सराउंड उजवा असं. आणि प्लस-मायनस दोन्ही टोकांना एकच ठेवा. एक जरी स्पीकर उलटा लागला तर बेस गायब होतो आणि आवाज मधोमध बसत नाही, डोक्याच्या आजूबाजूला तरंगल्यासारखा वाटतो.

सावध: टोकाचा एकही सुटा केस शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. अ‍ॅम्प उडतो.

टप्पा ६: आता पैसे, आणि कुठं

क्रम असा: आधी आवाज उलगडणारं आणि चालवणारं मशीन, मग फ्रंटचे दोन, मग सेंटर, मग सब, सराउंड सगळ्यात शेवटी. लोक सबपासून सुरुवात करतात कारण दुकानात तोच धडाधड वाजतो. पण पिक्चरमधलं बहुतेक काम पुढच्या तीन स्पीकरवर होतं, सराउंडला जुने छोटे स्पीकर सुद्धा चालून जातात.

पाच हजाराच्या आत: नवीन मशीन घेऊच नका. ऑप्टिकल केबल, लागत असेल तर डिकोडर, चांगली वायर, फोम दुरुस्ती, स्टँड. दुसऱ्या प्रकारच्या सेटला हे बरोबर बसतं.

पंधरा-वीस हजार: सेकंडहँड एव्ही रिसिव्हर आणि दोन बुकशेल्फ (कपाटात मावतील असे) स्पीकर. सेंटर नसला तरी चालतो, रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर "नो" केलं की डायलॉग दोन्ही फ्रंटमधून मध्ये येतात. माझ्या मते याच पैशातल्या नवीन साउंडबारपेक्षा हे कधीही भारी, आणि पुढं एकेक वस्तू वाढवता येते.

तीस-पस्तीस हजार: वरचंच, अधिक सेंटर आणि स्वतःचा प्लग असलेला सब. सेंटर शक्यतो फ्रंटच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडं गेला की आवाज बदलतो.

साउंडबार कधी घ्यायचा? खोली लहान आहे, भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, आणि घरात वायर दिसली की महाभारत होतं, तेव्हा. मग आर्क असलेला आणि वेगळा सब असलेला बघा.

आता तीन चुका ज्यात पैसे पाण्यात जातात.

एक, डबा सेटचे ३-४ ओहमचे स्पीकर नवीन रिसिव्हरला जोडणं. रिसिव्हरच्या मागं कमीत कमी किती ओहम चालतात ते छापलेलं असतं. त्याच्या खालचे लावले तर तापून बंद पडतो, नाहीतर जळतो. सराउंडला जुने वापरायचेत तर आधी स्टिकर बघा.

दोन, डबा सेटचा सब. त्याला स्वतःचा अ‍ॅम्प नाही. रिसिव्हरच्या "सब आउट"मधून फक्त बारीक सिग्नल येतो, त्यानं तो सब हलणार पण नाही. एकतर स्वतःचा प्लग असलेला सब घ्या, नाहीतर मध्ये वेगळा अ‍ॅम्प बोर्ड लावा.

तीन, वॅटचा आकडा. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो आकडा नाहीच असं समजा, आरएमएस (सतत मिळणारे खरे वॅट) विचारा. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला ५० खरे वॅट भरपूर झाले. मिरवणुकीच्या सेटमधले जुने टॉप किंवा बेसचे खोके स्वस्तात मिळतात म्हणून हॉलमध्ये आणू नका भावांनो, ते मैदानासाठी बनवलेत, घरात डायलॉग टोचतात आणि कमी आवाजात त्यांचा काही उपयोग नाही.

टप्पा ७: सेकंडहँड घेताना

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातला माल असेल तर पहिली शंका पुराची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेचं आणि कृष्णेचं पाणी घराघरात आणि दुकानात शिरलं होतं. भिजलेला माल पुसून, वाळवून विकायला येतो. बघायचं कसं? सबचा आणि स्पीकरचा तळ हातानं चाचपा, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) पाणी प्यायलं की खालच्या कडा फुगतात आणि थर सुटतात. स्क्रूची डोकी गंजलेली आहेत का. रिसिव्हरच्या वरच्या जाळीतून टॉर्च मारा, आत कोपऱ्यात गाळाची पिवळी रेघ किंवा हीटसिंकवर पांढरी बुरशी दिसली की नमस्कार करा आणि निघा. वास पण घ्या, गाळाचा वास सहजी जात नाही.

बाकी तपासणी:

१. मागं २३० व्होल्ट लिहिलंय का. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा सेट थेट लावला तर धूर.

२. प्रत्येक एचडीएमआय पोर्ट लावून बघा, जुन्या रिसिव्हरचा हाच बोर्ड आधी जातो. त्यासाठी एक केबल आणि टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक खिशात घेऊन जा.

३. व्हॉल्यूम हळूहळू फिरवा, खरखर येते का. पाचही चॅनेल वाजवा, टेस्ट टोन (तपासायचा आवाज) बहुतेक रिसिव्हरात असतो.

४. अर्धा तास चालू ठेवा, मधेच बंद पडतोय का बघा. चहा मागा, वेळ जातो.

५. रिमोट आणि सेटिंगचा माइक (आवाज आपोआप जुळवायला मिळतो तो) आहे का. माइक दुसऱ्या मॉडेलचा चालेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र घाबरायची नाही. जुन्या रिसिव्हरमधून ४के चित्र जात नाही म्हणून लोक चांगला माल सोडतात. चित्र त्यातून न्यायचंच कशाला? सेटटॉप बॉक्स, स्टिक सगळं थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीतून फक्त आवाज आर्क किंवा ऑप्टिकलनं रिसिव्हरला द्या. ४के नसलेले रिसिव्हर यामुळंच स्वस्त मिळतात, आपला फायदा.

टप्पा ८: जोडणी, याच क्रमानं

सगळ्याचे प्लग बाहेर. आधी स्पीकरच्या वायरी, मग सबची केबल, मग एचडीएमआय किंवा ऑप्टिकल, सगळ्यात शेवटी पॉवर. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा. रिसिव्हरच्या वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा, त्यावर सेटटॉप बॉक्स ठेवायचा नाही, तो तापतो आणि दोघंही जातात.

घूंऽऽ असा आवाज येतोय? घाईनं मशीनला दोष देऊ नका. सेटटॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची गोल वायर काढून बघा. आवाज थांबला तर अर्थिंगचा लूप आहे. टीव्ही आणि रिसिव्हर ऑप्टिकलनं जोडलात तर लूप तुटतो, कारण त्यातून प्रकाश जातो, करंट नाही. नाहीतर केबलच्या वायरला आयसोलेटर लावा.

सावध: घूं बंद करायला प्लगची अर्थची पिन कापू नका, काही इलेक्ट्रिशियन सुद्धा हा सल्ला देतात. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की पॉवर प्लगबरोबर केबलची वायर पण काढा, लाट तिथून पण येते.

टप्पा ९: सेटिंग

माइक असेल तर ऑटो सेटअप करा, डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलात ऑडिसी, यामाहात वायपाओ असतं. माइक तुमच्या कानाच्या जागी, ट्रायपॉडवर किंवा काठीला बांधून. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर मोजमाप चुकतं. पंखा बंद, कुकर बंद, पोरं बाहेर. सबचा स्वतःचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणि त्याचं क्रॉसओव्हरचं (कुठल्या सुराखालचा आवाज सबनं वाजवायचा ते ठरवणारं) बटण पूर्ण वर, कारण ते काम आता रिसिव्हर करणार आहे.

ऑटो झाल्यावर तीन गोष्टी हातानं तपासा. स्पीकर "लार्ज" झाले असतील तर "स्मॉल" करा, बुकशेल्फ असले तरी, म्हणजे खालचा बेस सबकडं जातो. क्रॉसओव्हर बुकशेल्फला ८० हर्ट्झ, मुठीएवढ्या स्पीकरला १२० ते १५०. लहान स्पीकरला खालचा बेस दिला की तो फक्त कण्हतो. आणि अंतर टेपनं मोजून बघा, सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त आलं असेल तर राहू द्या, त्यात सबच्या आतला उशीर धरलेला असतो.

माइक नसेल तर अंतर फुटात स्वतः भरा. टेस्ट टोन लावा, मोबाईलवर साउंड मीटर अ‍ॅप घ्या, मोबाईल कानाच्या जागी धरून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाईलचा आकडा तंतोतंत खरा नसतो पण पाचही सारखे करायला पुरतो. सबला मात्र त्यावर भरवसा ठेवू नका, मोबाईलच्या माइकला खालचा बेस नीट कळत नाही, तो कानानं लावा. सब बरोबर लागलाय हे कसं ओळखायचं, तर बंद केल्यावर कळतं की तो चालू होता. सबच्या मागं ० आणि १८० चं बटण असतं, बेसचं गाणं लावून कुणालातरी बटण दाबायला सांगा, तुमच्या जागेवर ज्यात बेस भरीव वाटतो ते ठेवा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी बघा कोण पुढं आहे. आवाज आधी येत असेल तर रिसिव्हरमध्ये ऑडिओ डिले थोडा थोडा वाढवा. आवाज उशिरा येत असेल तर टीव्ही आणि रिसिव्हर दोन्हीकडचा डिले शून्य करा. टीव्हीचा गेम मोड लावून उपयोग नाही, त्यानं चित्र अजून लवकर येतं.

डायलॉग अजून दबतायत? सेंटर दोन-तीन डेसिबलनं वाढवा, कोण काही म्हणत नाही. रात्री बघत असाल तर नाईट मोड किंवा डायनॅमिक रेंज कमी करायचा पर्याय लावा, धमाके खाली येतात, बोलणं वर. अपार्टमेंटमध्ये सबच्या खाली जाड रबरी मॅट टाका. त्यानं फरशीची थरथर कमी होते, पण बेस भिंतीतून जायचा तो जातोच, खालच्या काकांसाठी दहानंतर सबचा व्हॉल्यूम खाली घ्यावाच लागतो.

सगळं झालं की प्रत्येक सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. जुने रिसिव्हर बरेच दिवस प्लग काढून ठेवले की सगळं विसरतात, आणि पावसाळ्यात ते होणारच.